माझ्या रोज्यांचे तांदूळ

आजारी माणसाकडे औषधाच्या आधी सल्ले येतात आणि सल्ल्यांच्या आधी कारणं. गाठ का आली हे डॉक्टरला सांगता येत नाही, पण जिन्यात भेटलेल्या बाईला येतं. मी अंथरुणात पडून इतकी कारणं ऐकली की आजार एक आणि त्याचे बाप दहा, असं व्हायचं.

सुनंदा कांबळे माझ्याच शाळेत शिकवणारी, स्टाफरूममध्ये माझ्याच बाकावर डबा खाणारी मैत्रीण. तिच्या वहिनीला परवा तोच आजार निघाला जो मला झाला होता. सुनंदा म्हणाली, "जरा बोल तिच्याशी, धीर दे." मी फोन केला. मला वाटलं होतं ती केस गळण्याबद्दल विचारेल, उलट्यांबद्दल विचारेल. पण पहिलाच प्रश्न आला, "टीचर, माझ्याकडून काय चुकलं असेल हो?" मी मुलांना बोलून दमवणारी बाई, पण तिथे गप्प झाले. म्हणून हे लिहिते आहे. उत्तर माझ्याकडे अजूनही नाही, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे शेवटी तक्रार नको.

मी नसीम. बदलापूरला कुळगावात राहते, मराठी शाळेत मराठी शिकवते. "तुम्ही मराठी शिकवता?" असं भुवया उंचावून विचारणारा पालक दर जूनमध्ये एक तरी भेटतो. आमचं घराणं कोकणातलं, घरात बोलणं मराठीच, वरून उर्दूची फोडणी. नवरा यासीन अंबरनाथच्या कारखान्यात फिटर आहे. आम्हाला मूल नाही. अब्बा गेल्यापासून माझी आई, म्हणजे अम्मा, आमच्याकडेच असते. घरात माणसं तीन आणि मतं सात.

मॅडम, तुम्ही बाहेर बसा

२००८ च्या सुरुवातीला मानेवर गाठ आली. आधी चण्याएवढी, मग लिंबाएवढी. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी हात लावून सांगितलं, "टीबीची गाठ आहे, घाबरू नका." टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी लघवी नारिंगी झाली, तोंड कडू झालं, गाठ मात्र जागची हलली नाही. शेवटी उल्हासनगरला एका हॉस्पिटलात गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला.

रिपोर्टच्या दिवशी आम्ही यासीनच्या स्कूटरवरून गेलो. तिथल्या डॉक्टरबाई वयाने माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी पाकीट उघडलं, कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं, मग यासीनकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही जरा बाहेर बसा. मी यांच्याशी बोलते."

मान माझी, गाठ माझी, आणि बाहेर बसणार मी. तेव्हा मात्र मला ते चुकीचं वाटलं नाही. मी निमूटपणे बाकावर जाऊन बसले. समोर रस्त्यापलीकडे जीन्सचे गठ्ठे टेम्पोत चढत होते, चढवणारा आणि मोजणारा शिव्या देत भांडत होते, आणि मी ते भांडण कोण जिंकतं हे मन लावून बघत होते. दाराच्या काचेतून यासीनची पाठ धूसर दिसत होती. त्याने खिशातलं पेन काढलं, परत ठेवलं, परत काढलं.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "गाठींचा कॅन्सर आहे. बरा होतो."

"बरा होतो असं डॉक्टर म्हणाल्या?"

"हो."

हे 'हो' त्याने माझ्याकडे न बघता, स्कूटरच्या चावीकडे बघून म्हटलं. मला भीती वाटली. अंबरनाथ येईपर्यंत मी त्याच्या शर्टाची मागची बाजू मुठीत धरून ठेवली होती. घरी पोचल्यावर पाहिलं तर इस्त्रीचा पार बोळा झालेला.

चोर सोडून संन्याशाला फाशी

अम्माला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. ऐकून तिने सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "हे माझ्यामुळे झालं."

झालं असं होतं. माझ्या आधीची अम्माची दोन मुलं जगली नव्हती. माझ्या वेळी तिने अल्लाहशी बोली केली होती, की ही जगली तर मी सलग महिनाभर रोजे ठेवीन. मी जगले, चांगली गुटगुटीत. पण आधी मी अंगावर पीत होते म्हणून रोजे राहिले, मग अब्बांची नोकरी सुटली म्हणून, मग घर बदललं म्हणून. राहिले ते राहिलेच. असे बोललेले रोजे फेडावे लागतात, त्यातून सुटका नसते, हे अम्माला माहीत होतं. आणि इतक्या वर्षांत एकदाही तिने मला हे सांगितलं नव्हतं.

"मी बोलून फिरले. ते तुझ्या मानेवर आलं."

"अगं, रोजे तू बुडवलेस आणि गाठ मला? चोर सोडून संन्याशाला फाशी?"

"मस्करी करू नको, नसीम."

मी मस्करी करत होते कारण दुसरं काय करावं ते कळत नव्हतं. लहानपणापासून मदरशात हेच पाठ केलं होतं, की प्रत्येकाचा जाब प्रत्येकाला द्यायचा आहे. कयामतच्या दिवशी आई पोराचं ओझं घेणार नाही, पोर आईचं घेणार नाही. तेव्हा ते ऐकून बरं वाटायचं, कारण माझा चुलत भाऊ फार वाईट होता आणि त्याचं काही माझ्यावर येणार नाही याची खात्री झाली होती. आता मात्र त्याच शिकवणीचं दुसरं टोक टोचू लागलं. अम्माचं माझ्यावर आलं नसेल, तर हे आलं कुणाचं? मग माझंच?

मी गुनाह शोधायला बसले. नमाज चुकल्या होत्या, त्या सगळ्यांच्याच चुकतात. सासूबाईंशी एकदा भांडले होते, पण सुरुवात त्यांनी केली होती. शेजारणीचं चांगलं होताना पोटात दुखलं होतं. स्टाफरूममध्ये मुख्याध्यापकांची नक्कल करते, ती अजूनही करते. एवढ्यावर कॅन्सर होत असेल तर बदलापुरात एक माणूस चालताना दिसला नसता.

सुनंदाला हे सांगितलं तर ती भडकलीच. "गाठ आहे, औषध घे. बस."

"पण काही तरी कारण असेल ना गं?"

"हे बघ, मागच्या जन्माचं पाप म्हणून आमच्या लोकांना पिढ्यान् पिढ्या गावाबाहेर बसवलं. छप्पन साली आमच्या आजोबांनी ते गाठोडं टाकून दिलं. माझ्यासमोर पापाचा विषय काढू नको. डबा खा."

मी डबा खाल्ला. पण तिच्या आजोबांनी जे टाकलं ते तिचं गाठोडं होतं. माझं गाठोडं कुठलं, त्यात काय आहे, आणि ते माझंच आहे का, हे मला कळेना.

देवी आंटीचा पापड

जुलैत केमो सुरू झाला. दोन आठवड्यांतून एकदा उल्हासनगरला जायचं, सकाळी सलाईन लावून घ्यायचं, संध्याकाळी परत. लांबट खोलीत ओळीने खाटा. खिडकीबाहेर जनरेटर. वीज गेली की तो धडधडायला लागायचा, आणि त्या दिवसांत वीज येण्यापेक्षा जायचीच जास्त. लाल रंगाचं औषध नळीतून उतरू लागलं की जिभेवर लोखंडी चव यायची. पहिल्या वेळी मी परिचारिकेला विचारलं, "हे असंच असतं?" ती म्हणाली, "असंच असतं, ताई." या तीन शब्दांनी मला जेवढा धीर आला तेवढा कुणाच्या लांबलचक भाषणाने आला नाही.

शेजारच्या खाटेवर एक सिंधी म्हातारी असायची. सगळे तिला देवी आंटी म्हणत. तिची आणि माझी तारीख एकच यायची. मला पाण्याच्या वासानेही मळमळायचं. एकदा तिने पिशवीतून भाजलेला पापड काढला.

"ले बेटा, पापड़ खा. उल्टी बैठ जाएगी. हमारे घर कोई आए तो पानी के साथ पापड़ देते हैं."

"आंटी, हे हॉस्पिटल आहे, तुमचं घर नाही."

"महीने में दो बार आती हूँ, और क्या घर होता है?"

मी पापड खाल्ला आणि तो पोटात राहिला. त्या काळात मी जे काही खाल्लं त्यात तो पापड सगळ्यात चविष्ट. दुसरी मेहेरबानी म्हणजे माझी ओढणी. केस गेले, पण डोक्यावर ओढणी आधीपासूनच, त्यामुळे गल्लीत कुणाला पत्ता लागला नाही. आरशात मात्र मी अब्बांसारखी दिसायला लागले होते. अम्मा माझ्याकडे बघून एकदा चुकून हसली आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडली.

देवी आंटीकडेही कारण होतंच. "पिछले जनम का होगा, बेटा. चुका दो, खतम." मी म्हटलं, "आंटी, आमच्यात पिछला जनम नसतो." ती विचारात पडली. "फिर तो मुश्किल है," असं म्हणून तिने मला आणखी एक पापड दिला.

काठोकाठ मापटं

त्या वर्षी रमजान आणि गणपती बरोबरच आले. एका बाजूला मांडवातला स्पीकर, दुसऱ्या बाजूला मशिदीतला. डॉक्टरबाईंनी मला आधीच बजावलं होतं, उपाशी राहायचं नाही, भरपूर पाणी प्यायचं. तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा रमजानच्या दिवसांत भरदुपारी घरात बसून गिळत होते, आणि अम्मा व यासीन कोरड्या ओठांनी माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवत होते. प्रत्येक घोट चोरीचा वाटायचा.

आजारी माणसाला रोजे माफ नसतात, पुढे ढकलता येतात. बरं झाल्यावर ते भरून काढायचे, त्याला कजा म्हणतात. बायकांना हे नवीन नाही. दर महिन्याच्या अडचणीमुळे रमजानात आमचे काही रोजे राहतातच आणि वर्षभरात आम्ही ते गुपचूप भरून काढतो. म्हणून मी येताजाता म्हणायचे, "राहू दे, थंडीत ठेवीन माझे मी." मी असं म्हटलं की यासीन उठून काहीतरी कामाला लागायचा. एकदा तर चांगला चालणारा पंखा उघडून बसला.

रोज मगरिबच्या थोडं आधी, म्हणजे रोजा सोडायच्या वेळेला, खैरूनबी यायची. मशिदीमागे एका खोलीत एकटी राहणारी विधवा. अम्मा तिच्या पिशवीत तांदूळ घालायची. रमजानात दारावर आलेल्याला देतातच, त्यात काही विशेष नाही. पण एक गोष्ट मला खटकत होती. अम्माचा हात सढळ. ती देते ते मुठीने, न बघता, खाली सांडलं तरी पर्वा नाही. आणि आता ती पितळी मापटं काठोकाठ भरायची, बोटाने वरून सपाट करायची, आणि तेवढंच ओतायची. ना कमी, ना जास्त. मला वाटलं, माझ्या औषधपाण्याने घराची ओढाताण होते आहे, म्हणून बिचारी हात आखडते आहे. मला फार वाईट वाटलं आणि मी गप्प राहिले.

एका संध्याकाळी अम्मा आत नमाजेसाठी हातपाय धूत, वजू करत होती, म्हणून मापटं मी भरलं. खैरूनबीने पिशवी सावरली, माझ्या ओढणीवरून हात फिरवला. डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "अल्लाह तुझा फिदया कबूल करो, बेटी. तुझं सगळं सोपं करो."

मी दारातच उभी राहिले.

जे मुसलमान नाहीत त्यांना सांगते. फिदयाही राहिलेल्या रोज्यांसाठीच असतो. एका रोज्यामागे एका गरिबाचं अन्न. पण तो बरं होणाऱ्या माणसासाठी नसतो. बरा होणारा कजा ठेवतो. ज्याच्या बरं होण्याची आशा उरलेली नाही, ज्याला रोजे ठेवायला पुढची थंडी मिळणार नाही, त्याच्यासाठी फिदया. अम्मा दररोज संध्याकाळी माझा एकेक रोजा काठोकाठ मोजून निकालात काढत होती. आणि त्या दिवशीचा मी माझ्याच हाताने काढला होता.

तू गेलीस तर

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, कारखान्याला सुट्टी. दुपारी वीज गेलेली. यासीन जुम्म्याची नमाज पढून आला. दोघांना मी समोर बसवलं.

"मी मरणार आहे का?"

अम्मा पदर सावरू लागली.

"अम्मा, फिदया कुणाचा देतेस?"

अम्माने यासीनकडे पाहिलं. यासीन म्हणाला, "डॉक्टर म्हणाल्या, आजार पसरलाय. आत्ता काही सांगता येत नाही."

"मग तुम्ही मला सांगितलं की बरा होतो."

"मग काय सांगणार होतो? सांगता येत नाही म्हणजे काय, ते कळतं ना माणसाला."

हा माणूस आयुष्यभर मशीनवर काम करतो. त्याच्याकडे मशीन चालतं नाहीतर बंद पडतं. 'सांगता येत नाही' असं मशीन त्याने पाहिलेलंच नाही. त्याने ते ऐकलं आणि मनातल्या मनात 'बंद' असं लिहून टाकलं. एकट्याला सोसवेना म्हणून अम्माला सांगितलं. आणि अम्माने आमच्या गल्लीतल्या मौलानांना विचारताना 'सांगता येत नाही' असं विचारलंच नाही. तिने विचारलं, "पोरगी बरी होणार नाही, तिच्या रोज्यांचं काय करू?" जसा प्रश्न तसं उत्तर. मौलानांनी फिदया सांगितला.

"तुम्ही दोघांनी मिळून मला मारून टाकलं," मी ओरडले. "तेही तांदूळ मोजून!"

"ओरडू नको, धाप लागेल," अम्मा म्हणाली. मग एकदम तिचा आवाज चढला. "माझ्या अंगावर माझे रोजे आहेत, मला ठाऊक आहे ते कसं टोचतं. तू गेलीस तर वर तुझा जाब कोण देईल? मी येणार आहे का तिथं तुझ्या बाजूने बोलायला? इथं असेपर्यंत जेवढं हातात आहे तेवढं केलं मी. चुकलं?"

मला तिचा इतका राग आला होता, आणि त्याच वेळी तिच्या मांडीवर डोकं ठेवावंसं वाटत होतं. यातलं खरं कुठलं, ते कळलं नाही. मी दोन्ही केलं. आधी भांडले, मग डोकं ठेवलं. यासीन पंख्याखाली उभा होता, पंखा बंद होता आणि तो तसाच वर बघत होता.

मौलाना काय म्हणाले

मी हट्ट धरला, म्हणून अम्मा मला मौलानांच्या घरी घेऊन गेली. ते कोकणातले, वयस्कर, गल्लीतल्या मुलांना कुराण शिकवतात. त्यांच्या बीवीने आम्हाला बसवलं. माझ्यासाठी पाणी आणलं, आणि मी संकोचले तर म्हणाली, "आजारी माणसाने पिण्यात गुनाह नाही, न पिण्यात असेल."

अम्मा थांबू शकली नाही. तिने आपले जुने, बोलून बुडवलेले रोजे सांगून टाकले. "माझंच हिच्यावर आलं ना, मौलाना साहेब?"

मौलाना म्हणाले, "तुमचे रोजे तुमच्यावर आहेत. हिच्यावर कसे येतील? कुणाचं ओझं कुणाच्या खांद्यावर जात नाही, हे पोरं पण सांगतील माझ्याकडची. तुम्ही ठेवा ते. होतील तसे ठेवा."

अम्मा रडायला लागली. हलकं वाटलं म्हणून रडली, की भार अजून तसाच आहे हे कळलं म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही.

मग मी विचारलं. "म्हणजे हा आजार माझ्याच गुनाहांचा."

"असं मी म्हटलं का, टीचर? आजार म्हणजे सजा असं नाही. आजारपणात माणसाचे गुनाह झडतात, झाडाची पानं झडतात तसे. आम्हाला असं शिकवलंय."

"केस झडलेत," मी म्हटलं. "बाकीचं माहीत नाही. पण ही सजा नाही तर काय? सफाई? इम्तिहान?"

मौलाना दाढीत हसले. "ते मला कळलं असतं तर मी कुळगावात पोरांना अलिफ-बे शिकवत बसलो असतो का?"

मला राग येण्याऐवजी त्यांच्याबद्दल बरं वाटलं. इतक्या दिवसांत 'माहीत नाही' म्हणणारे ते पहिलेच होते. मग ते गंभीर झाले. "फिदया मी तुमच्या अम्माच्या बोलण्यावर सांगितला. उम्मीद नाही, हे मी ठरवत नाही आणि तुमची अम्माही नाही. जाणकार डॉक्टरने सांगायला पाहिजे. डॉक्टरने तसं सांगितलंय का?"

अम्माने माझ्याकडे पाहिलं, मी अम्माकडे. डॉक्टरशी आमच्या दोघींपैकी कुणीही बोललेलं नव्हतं.

आता तुम्ही बाहेर बसा

पुढच्या केमोच्या दिवशी मी डॉक्टरबाईंच्या खोलीत शिरले आणि यासीनला म्हटलं, "तुम्ही जरा बाहेर बसा." तो गोंधळला, पण बसला. त्याच बाकावर.

"डॉक्टर, मला एक विचारायचंय. मी रोजे नंतर ठेवायचे की त्याऐवजी गरिबाला जेवण द्यायचं, हे तुमच्यावर अवलंबून आहे."

त्या बघतच राहिल्या. "माझ्यावर?"

मी त्यांना सगळं सांगितलं. कजा, फिदया, मापटं, खैरूनबी. बरी होण्याची आशा असली तर एक हिशोब, नसली तर दुसरा. तो मलाच द्यायचा आहे, नवऱ्याला नाही, आईला नाही. म्हणून नवऱ्याला सांगितलेलं उत्तर मला चालणार नाही.

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "असं मला कुणी विचारलं नव्हतं कधी." त्यांनी फाइल उघडली, नवीन तपासण्या बघितल्या, पुन्हा मागचं पान बघितलं. "सुरुवातीला खरंच सांगता येत नव्हतं. आता गाठी कमी होत आहेत. हमी देणार नाही मी. पण आशा आहे. नक्की आहे."

"हमी मला नकोच. हमी तर रोजा ठेवून बाहेर पडणाऱ्या धडधाकट माणसालाही नसते."

"आणि मॅडम," त्या म्हणाल्या, "तेव्हा तुम्हाला बाहेर बसवायला नको होतं."

बाहेर आले तर यासीन उभाच होता. मी म्हटलं, "आशा आहे म्हणाल्या. मला म्हणाल्या, समोर बसवून." त्याने तोंड दुसरीकडे फिरवलं. रस्त्यापलीकडे आजही जीन्सचे गठ्ठे चढत होते, आणि तो बराच वेळ ते बघत राहिला. मग डोळे पुसून म्हणाला, "चल, तुझी सलाईन राहील."

त्या संध्याकाळी खैरूनबी आली तेव्हा अम्माने पितळी मापटं उचललं, थांबली, आणि परत डब्यात टाकलं. मग ओंजळीने तांदूळ घातले. खूप सांडले.

फेब्रुवारी

वर्ष संपता संपता केमो संपला. गाठी गेल्या. डॉक्टरबाई अजूनही तपासायला बोलावतात, अजूनही रिपोर्टच्या आदल्या दिवशी मला जेवण जात नाही. देवी आंटीची आणि माझी तारीख नंतर जुळली नाही. ती बरी असेल असं मी धरून चालते.

फेब्रुवारीत मी विचारलं, "रोजा ठेवू का?" डॉक्टरबाई म्हणाल्या, "एखादा ठेवून बघा, चक्कर आली तर लगेच सोडा." घरात मात्र वाद. कल्याणची खाला, म्हणजे मावशी, म्हणाली, फिदया दिलेला आहे, आता कजा लागत नाही. मौलाना म्हणाले, आशा होती तेव्हा दिलेला तो खैरात झाला, रोजे राहिलेच. यासीन म्हणाला, "दोघं एकमेकांशी बोलून मग सांगा." कुणाचं खरं, मला आजही माहीत नाही. हा आजार सजा होता की आणखी काही, तेही माहीत नाही. सुनंदाच्या वहिनीला मी एवढंच सांगू शकते, की डॉक्टरच्या खोलीत तू स्वतः जा.

मी पहिला कजा रोजा ठेवला त्या दिवशी शाळेत गेले, चौथीला म्हणी शिकवल्या, आणि दुपारी सुनंदाने डबा माझ्यापासून लांब नेऊन खाल्ला. संध्याकाळी घरी आले तर जेवणाचा दस्तरखान पसरलेला. माझी ताटली, त्यात खजूर. शेजारी दुसरी ताटली, त्यातही खजूर. अम्माचे ओठ कोरडे होते.

"तू का रोजा ठेवलास? माझ्यासाठी ठेवलेला चालत नाही, माहीत आहे ना?"

"तुझ्यासाठी कोण ठेवतंय?" अम्मा फणकारली. "तू जन्मलीस तेव्हाचे आहेत. माझे. आजपासून सुरू केलेत."

या वयात सलग महिनाभर तिला झेपेल का, याची मला धास्ती वाटली. पण मी काही बोलले नाही, कारण तिनेही सकाळी मला अडवलं नव्हतं. आम्ही दोघी आपापल्या ताटलीसमोर बसून अजानची वाट बघू लागलो. मला भूक लागली होती. नुसती, साधी भूक. उलटीची नव्हे, औषधाची नव्हे. मला इतका आनंद झाला की रडू आलं.

तेवढ्यात दाराशी खैरूनबी. तिला कुणी तरी सांगितलं असावं की अम्माचा आज रोजा आहे. बिचारी घाबरून माझ्याकडे बघत होती, पुन्हा काही बिघडलं की काय म्हणून. पिशवी पुढे करत हळूच म्हणाली, "फिदया का गं, आपा?"

अम्मा गुडघ्यावर हात ठेवून उठली. ओंजळ भरून तांदूळ आणले आणि पिशवीत ओतले.

"नाही गं खैरून. हे असेच घे. पोरीचे रोजे पोरगी ठेवतेय, माझे मी."

आणि अजान झाली.